जुनी डिझेल पिकअप: बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो, हेडलाइट लावले की वाढतो

लोडगाडी

गाडी २.५ लिटर डिझेल पिकअप आहे, मेकॅनिकल पंपवाली, वीस वर्षांच्या पुढची. अल्टरनेटर (पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा) १२ व्होल्टचा, दोन पिनांच्या सॉकेटचा, आणि त्याच्या पाठीमागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला.

लक्षणं अशी: चावी ऑन केली की बॅटरीचा दिवा नेहमीसारखा लख्ख पेटतो. इंजिन सुरू झालं की विझतो. हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही लावले की अगदी मंद, लालसर दिसायला लागतो. दिवसा कळतही नाही. रेस वाढवली तरी जात नाही. ब्लोअर बंद केला की आणखी मंद होतो, हेडलाइटही बंद केले की जातो.

बॅटरी नवीन आहे. टर्मिनलवरची मापं: सकाळी गार असताना १२.५ व्होल्ट, इंजिन चालू आणि बाकी सगळं बंद असताना १३.९, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.३. पट्टा ओरडत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अल्टरनेटर बदलायला सांगितलं जातंय, तर त्याआधी काय तपासावं? आणि असा दिवा पेटत असताना गाडी चालवावी का?

तांब्याची_तार

अल्टरनेटर एवढ्यात खोलू नका. तुमची लक्षणं वायरिंगकडे बोट दाखवतायत, पण मापं घेतल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

आधी हा दिवा पेटतो कसा ते बघा. बल्बचं एक टोक चावीच्या स्विचमधून फ्यूजवाटे येतं. दुसरं टोक अल्टरनेटरच्या 'एल' पिनेला जातं. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी एल पिन आतून रोटरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, वेटोळ्यावाटे अर्थला जोडलेली असते. म्हणून करंट वाहतो, दिवा पेटतो आणि त्याच करंटने रोटरला सुरुवातीची चुंबकशक्ती मिळते. इंजिन फिरायला लागलं की एल पिनेवरही अल्टरनेटरचा व्होल्टेज येतो. दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, म्हणजे बल्बमधून करंट नाही, दिवा बंद.

म्हणजे हा दिवा बॅटरी चांगली की वाईट हे सांगतच नाही. तो दोन टोकांमधला फरक दाखवतो. फरक एखाद्या व्होल्टचा असेल तर काही दिसत नाही, दोनेक व्होल्ट झाला की बल्बची तार अंधारात लालसर दिसते. आणि हा फरक कुठल्याही बाजूने पडू शकतो:

१. एल पिनेवरचा व्होल्टेज कमी झाला, चावीकडची बाजू ठीक. दोष अल्टरनेटरमध्ये: डायोड, ब्रश, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर).
२. एल पिन ठीक, चावीकडचा व्होल्टेज कमी झाला. दोष बाहेर: चार्जिंगची जाड वायर, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, सॉकेट. यात बल्बमधून करंट उलटा वाहतो. साध्या बल्बला उलटसुलट सारखंच, तो पेटतो.

लोड टाकल्यावर वाढणारा आणि रेस दिली तरी न जाणारा मंद दिवा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा निघतो.

मापं अशी घ्या. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरायला एक माणूस बसवा. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर घट्ट. थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर) नाही, शिशाच्या खुंटावर. मग लाल टोक एकामागून एक लावा:

- अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, म्हणजे चार्जिंगची जाड वायर निघते तिथे
- एल पिनेच्या वायरवर, सॉकेट न काढता मागून बारीक सुई सरकवून
- बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर
- डॅशबोर्डच्या मीटरला जाणाऱ्या फ्यूजवर, म्हणजे चावीकडची बाजू

शेवटी काळं टोक बॅटरी निगेटिव्हवर तसंच ठेवून लाल टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर लावा. रंगावर किंवा गंजावर लावलंत तर माप खोटं येईल.

लोड चालू असतानाच मोजायचं, हे महत्त्वाचं. करंट वाहत नसेल तर खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि म्हणूनच इंजिन बंद ठेवून घेतलेल्या मापांत असे दोष सापडत नाहीत. पंखा आणि पट्टा फिरत असणार, तेव्हा मीटरच्या वायरी आणि बाह्या आवरून.

घाट_उतार

गाडी चालवण्याबद्दल. मंद दिवा आणि टर्मिनलवर १३.३ असेल तर बॅटरी चार्ज होतेय, हळू होतेय एवढंच. जवळपास फिरायला अडचण नाही, पण तपासणी लांबवू नका. जिथे व्होल्ट हरवतात तिथे उष्णता तयार होत असते.

चालता चालता दिवा एकदम पूर्ण लाल झाला तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा पहिला संशय पट्ट्याचा. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणजे इंजिन काही मिनिटांत तापणार. शिवाय तुमचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच शाफ्टवर आहे. अल्टरनेटर फिरायचा थांबला की ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यात) साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं लागतं. ब्रेक लागतात, पण पायाचा जोर कितीतरी जास्त लागतो. भरलेली गाडी उतारावर असेल तर ताबडतोब खालचा गिअर घेऊन बाजूला थांबवा. इंजिन चालू आहे म्हणून पुढे जायचं नाही. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला फक्त डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडपुरती वीज लागते, त्यामुळे पट्टा तुटला तरी ते बिनदिक्कत चालत राहतं आणि फसवतं.

बिनधास्त_पाना

एवढा व्याप कशाला? इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा. इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर गेला, चालू राहिलं तर ठीक.

तांब्याची_तार

हे अजिबात करू नका. एक तर वर सांगितल्याप्रमाणे मेकॅनिकल डिझेल इंजिन अल्टरनेटर अर्धमेला असला तरी बंद पडणार नाही, त्यामुळे या चाचणीतून काही कळतच नाही. दुसरं, बॅटरी व्होल्टेजला धरून ठेवत असते. अल्टरनेटर करंट देत असताना ती अचानक सुटली की कटआउटला रोटरचा करंट कमी करायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतो. डायोड, कटआउट, ग्लो प्लगचा टायमर, टेप, जे नाजूक असेल ते जातं. चांगला अल्टरनेटर खराब करायची ही खात्रीची पद्धत आहे.

काळं_तेल

वायरिंगचं बरोबर आहे, पण व्हॅक्यूम पंपवाल्या अल्टरनेटरमध्ये एक दोष इतका नेहमीचा आहे की तो आधी डोळ्यांनी बघून घ्यावा. पंपाला इंजिन ऑइल मिळतं आणि पंप व अल्टरनेटर यांच्यात शाफ्टवर एक ऑइल सील असतं. सील कडक झालं की तेल अल्टरनेटरच्या मागच्या भागात उतरतं, ब्रशच्या कार्बनच्या भुकटीत मिसळतं आणि काळी लुगदी होते. ती स्लिप रिंगवर (ब्रश घासतात त्या शाफ्टवरच्या कड्यांवर) बसते, ब्रश खाचेत अडकतात, रोटरला करंट नीट जात नाही.

टॉर्च मारून अल्टरनेटरच्या मागच्या जाळीतून बघा. आत कोरडी करडी धूळ असेल तर काळजी नाही. ओलं, चकचकीत काळं दिसलं तर खोलावंच लागेल. आणि खोललंत तर नुसतं सील बदलून थांबू नका, पंपातून इंजिनच्या चेंबरमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) तेल परत नेणारा होज पाहा. तो आतून फुगलेला किंवा दबलेला असेल तर तेल पंपात तुंबतं आणि नवीन सीलवरूनही बाहेर येतं. सील पुन्हा पुन्हा जातं अशी तक्रार असते तिथे हा होज तसाच जुना ठेवलेला असतो.

खोलल्यावर मापं:

- स्लिप रिंग ते स्लिप रिंग: १२ व्होल्टच्या रोटरला साधारण २ ते ४ ओहम. खूप जास्त किंवा काहीच न दाखवणं म्हणजे वेटोळं तुटलं, १ च्या खाली म्हणजे आत शॉर्ट.
- स्लिप रिंग ते शाफ्ट: काहीही दाखवता कामा नये.
- ब्रश: होल्डरच्या बाहेर ५ मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर बदला. दोन्ही एकदम बदला आणि बोटाने दाबून स्प्रिंगवर मोकळे वरखाली होतात का पाहा.
- स्लिप रिंगवर नखाला लागेल अशी खाच नको. नुसता काळेपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने, रोटर फिरवत, सगळीकडून सारखा काढा.

रेक्टिफायरमधले (एसीचं डीसी करणाऱ्या भागातले) डायोड मीटरच्या डायोड मोडवर एका दिशेला ०.४ ते ०.७ दाखवतात, उलट काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, दोन्हीकडे काही नाही तर ओपन. स्टेटरच्या (बाहेरच्या न फिरणाऱ्या वेटोळ्याच्या) तारा सोडवल्याशिवाय हे माप धरू नका, वेटोळ्यातून वाट मिळून चुकीचा आकडा येतो.

परत बसवताना पंपाच्या ऑइल पाइपचे तांब्याचे वॉशर नवीन घाला आणि तेलाच्या तोंडातून पंपात चमचाभर इंजिन ऑइल सोडा. पंप कोरडा फिरला तर आतल्या पात्या पहिल्याच मिनिटात खरवडतात.

तांब्याची_तार

बरोबर. आणि डायोडचा संशय अल्टरनेटर न खोलताही तपासता येतो. तीच परिस्थिती, इंजिन १५०० वर, लोड चालू, मीटर एसीवर, टोकं बी प्लस आणि अल्टरनेटरच्या बॉडीवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर डायोड ठीक, ०.५ च्या पुढे गेलं तर नक्की एखादा गेलेला. साध्या मीटरमध्ये एक फसगत असते: काहींचा एसी मोड डीसीलाही आकडा देतो. मीटर एसीवर ठेवून इंजिन बंद असताना बॅटरीवर लावा. तिथे २५-२८ दिसलं आणि टोकं उलटी केल्यावर शून्य, तर तो मीटर या कामाला उपयोगाचा नाही. त्याच्या एका वायरीत १ मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर जोडला की चालतो.

शॉर्ट डायोडची आणखी एक खूण म्हणजे चावी काढल्यावरही दिवा मिणमिणत राहतो, आणि रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो.

एकच_बल्ब

जोडून विचारतो. चावी ऑन केल्यावर दिवा मुळीच पेटत नसेल तर? चार्जिंग होतं, पण एकदा जोरात रेस दिल्यावर.

तांब्याची_तार

बल्ब गेलाय, फ्यूज उडालाय, एलची वायर तुटलीय किंवा ब्रश संपलेत. एल पिनेचं सॉकेट काढून त्यातली वायर क्षणभर बॉडीला टेकवा. एल कुठली ते आधी नीट ओळखा, दुसरी पिन बॅटरीची असली तर ठिणगी उडेल. दिवा पेटला तर दोष अल्टरनेटरच्या आत, नाही पेटला तर बल्बकडे. रेस दिल्यावर चार्जिंग सुरू होतं ते रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वामुळे.

आणि कोणी तिथे एलईडी घातलाय का बघा. मूळ बल्ब २-३ वॅटचा असतो, रोटरला सुरुवातीचा करंट तोच पुरवतो. एलईडीतून तेवढा जात नाही. एलईडी ठेवायचाच असेल तर त्याला समांतर ५० ओहमच्या आसपासचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावावा लागतो.

लोडगाडी

अल्टरनेटरच्या मागे कोरडं आहे, तेल नाही. मापं घेतली. १५०० आरपीएम, हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर:

बी प्लस: १४.२
एल पिन: १४.१
बॅटरी पॉझिटिव्ह: १३.३
मीटरचा फ्यूज: १२.२
अल्टरनेटरची बॉडी: उणे ०.१
एसी, बी प्लस ते बॉडी: ०.०४

ब्रेकचा दिवा सोबत पेटतो का असं मला दुसऱ्या कोणी विचारलं होतं. नाही, फक्त बॅटरीचा.

तांब्याची_तार

यात सगळं आलं. अल्टरनेटर बदलू नका, तो त्याचं काम चोख करतोय: १४.२ देतोय, एसी नगण्य, एल पिन जवळजवळ बी प्लसएवढीच. अर्थही ठीक, ०.१ चालतं.

ब्रेकच्या दिव्याचा प्रश्न ज्याने विचारला त्याला वायरिंग कळतं. काही गाड्यांत ब्रेकचा बल्ब तपासणीसाठी डायोडमार्गे एल वायरीला जोडलेला असतो. तिथे अल्टरनेटर खरोखर मेला की दोन्ही दिवे एकदम पेटतात. बल्बमधला करंट उलटा असेल तर डायोड अडवतो आणि एकटा बॅटरीचाच दिसतो. तुमच्या गाडीत चावी ऑन केल्यावर हँडब्रेक सोडलेला असतानाही ब्रेकचा दिवा पेटत असेल तर ही जोडणी आहे असं समजा.

आता तोटा कुठे आहे बघा. बी प्लस ते बॅटरी ०.९ व्होल्ट. बॅटरी ते मीटरचा फ्यूज आणखी १.१. बल्बच्या दोन टोकांत १४.१ वजा १२.२, म्हणजे १.९ व्होल्ट. तुम्हाला दिसतो तो मंद लाल रंग तोच. दोष दोन आहेत आणि दोघांची बेरीज झाल्यावर दिवा दिसायला लागला. म्हणून एकच दुरुस्त केलात तरी दिवा जाईल, पण काम अर्धवट राहील.

चार्जिंगच्या वायरीत ०.२ ते ०.३ च्या पुढे तोटा नको. तुमच्याकडे त्या लोडला तीसेक अँपिअर वाहत असतील, तर ०.९ गुणिले ३० म्हणजे २७ वॅट. हे सगळं एका सांध्यात असेल तर तिथे सोल्डरिंग आयर्न कायमचं लावून ठेवल्यासारखं आहे.

सांधा शोधायला: लोड तसाच चालू, मीटर डीसी २ व्होल्टवर. एक टोक बी प्लसच्या बोल्टवर धरून ठेवा, दुसरं बॅटरीकडे एकेक पाऊल सरकवा. थिंबलचा पत्रा, थिंबलनंतरची वायर, मुख्य फ्यूजच्या आधीचा बोल्ट, फ्यूजची एक बाजू, दुसरी बाजू, पुढचा बोल्ट, बॅटरीचा थिंबल, खुंट. आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथे दोष. मुख्य फ्यूजच्या डब्यात प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसण्याची शक्यता जास्त.

घाट_उतार

मुख्य फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारा वायरीचा तुकडा) खराब निघाली तर तिच्या जागी साधी वायर जोडून मोकळे होऊ नका. ती वायर बॅटरीपासून थेट आहे, बॉडीला घासली तर गाडी पेटते. बोल्टवाला फ्यूज असेल तर मूळ आकड्याचाच घ्या. वायरीसारखी लिंक असेल तर ती मुख्य वायरीपेक्षा चार गेज बारीक असते, ८ चौरस मिलिमीटरच्या वायरीला साधारण ३ ची, आणि तिचं आवरण न पेटणारं असतं. साध्या वायरीचा तुकडा तिची जागा घेऊ शकत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बी प्लसचा बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो, पाना बॉडीला लागला की वितळतो.

लोडगाडी

सापडलं. बी प्लस ते थिंबल ०.०२, वायर ०.०८, मुख्य फ्यूजच्या बोल्टपाशी एकदम ०.७ वाढ, उरलेला ०.१ बॅटरीच्या थिंबलपर्यंत. बोल्टखालचा पत्रा काळा-निळा पडलाय, डबा एका बाजूला वाकलाय. फ्यूज शाबूत आहे. बोल्ट आवळला तर ०.३ वर आलं, पण थोड्या वेळाने पुन्हा वाढलं.

तांब्याची_तार

आवळून भागणार नाही. तापून निळा पडलेला पत्रा मऊ होतो, पकड धरत नाही. वर प्लास्टिक वाकलंय, म्हणजे बोल्टाला खालून आधार नाही. डबा, फ्यूज आणि दोन्ही थिंबल बदला. वायरीचं टोक काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तांब्यावर क्रिंप धरत नाही आणि सोल्डरही बसत नाही. थिंबल नीट क्रिंप करा, नुसता सोल्डर ओतू नका. वरून आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी.

मग दुसरा १.१ व्होल्ट. बॅटरी पॉझिटिव्हपासून त्याच पद्धतीने सरका: चावीच्या स्विचची येणारी जाड वायर, जाणारी वायर, सॉकेट, फ्यूज. जुन्या पिकअपमध्ये ब्लोअरचा सगळा करंट बहुधा चावीच्या स्विचमधूनच जातो. ब्लोअर बंद करून मोजा. तोटा निम्म्याहून कमी झाला तर तेच कारण. स्विचच्या मागचं सॉकेट तपकिरी दिसेल. स्विचचा विजेचा भाग बहुतेक गाड्यांत लॉकपासून वेगळा निघतो, तेवढाच बदला आणि ब्लोअरला ३० अँपिअरचा रिले द्या: ८७ वर ब्लोअरची वायर, ३० वर बॅटरीपासून २० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिलिमीटरची वायर, ८६ ला चावीवरची जुनी ब्लोअरची वायर, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. ही वायर फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट घाला.

नंतर तीच मापं पुन्हा घ्या. बी प्लस ते बॅटरी ०.३ च्या आत आणि बॅटरी ते मीटरचा फ्यूज ०.५ च्या आत आलं पाहिजे. बॅटरी इतके दिवस कमी चार्जवर राहिलीय, तेव्हा दुरुस्तीनंतर चार्जरवर ती एकदा पूर्ण भरून घ्या. रात्रभर उभी ठेवल्यावर १२.६ दाखवायला हवी. १२.४ वर अडकत असेल तर चावी बंद ठेवून गळती मोजा. निगेटिव्ह काढून त्यात अँपमीटर घाला, ५० मिलिअँपिअरच्या वर नको. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरमधला फ्यूज उडेल.